कळलावीचा कोंब

माझे सासरे, म्हणजे मामाजी, माझ्याशी बोलत नसत. रागानं नव्हे, रीतच तशी होती. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि काही सांगायचंच असेल तर मधे तिसरं माणूस लागायचं. सासूबाई होत्या तोवर ते काम त्यांच्याकडे होतं. माझ्या लग्नानंतर आठ महिन्यांत त्या गेल्या. नवरा आठवडाभर तुमसरला राईस मिलमध्ये असे, रविवारी येई. म्हणजे घरात उरलो आम्ही दोघं, बोलायचं नाही असा नेम असलेला म्हातारा आणि गप्प बसता न येणारी सून. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, हायवेवर वाढलेली, मॅट्रिक झालेली, वाकडं बोलणाऱ्या ट्रकवाल्याला तिथल्या तिथे उत्तर देणारी. सिहोऱ्याच्या पलीकडच्या त्या धानाच्या गावात माझं तोंड पहिल्यांदा बंद झालं.

मामाजींनी मधे बोलायला दोडक्याचा वेल धरला.

घराच्या मागे त्यांची वाडी होती. चार बाजूंनी बांबूचं कुंपण आणि एकच फाटक, त्याला आतून दोरी. भाजीची वाडी म्हणावी तर खाण्यासारखा तिथे फक्त कुंपणावरचा हा दोडका होता. बाकी सगळी औषधाची झाडं, आणि गावाच्या मते मंत्राची. काळा धोतरा, रुई, गुंज, वेखंड, काळी हळद आणि कोपऱ्यात सगळ्यांपासून दूर कळलावी. पंचक्रोशीतली माणसं काढ्याला, लेपाला, उताऱ्याला त्यांच्याकडे येत. मामाजी पाला-मुळ्या देत आणि मोबदल्यात एका नारळापलीकडे काही घेत नसत. सकाळी ते वाडीत जात, मी पदर ओढून चार हातांवर उभी राही आणि ते दोडक्याला सांगू लागत. धोतऱ्याला हात लावला की डोळ्याला लावायचा नाही. रुई तोडताना वारा पाठीमागून असावा. वाडीतली खुरपी वेगळी, तिच्या मुठीला लाल चिंधी, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. काम झालं की कोपरापर्यंत हात राखेनं घासायचे, मग चिंचेच्या पाण्यानं धुवायचे. दोडका निमूट ऐकून घेई आणि मीही. इतका शिकलेला दोडका भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल.

हे सगळं मला शिकायचं कारण कळलावी होती. बाळंतपणात कळा थांबल्या की तिच्या कंदाचा तुकडा बाईच्या कमरेला बांधत. मूल बाहेर आलं की त्याच क्षणी सोडायचा. घटकाभर जास्त राहिला तर मुलामागून बाकीचंही येतं आणि बाई हाती लागत नाही, असं म्हणत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जाऊ शकत नव्हता. सासूबाई होत्या तेव्हा कंद त्या खणत, त्या बांधत, त्या सोडत. त्या गेल्यावर हे माझ्याकडे आलं.

कळलावीशी मामाजीसुद्धा उगाच बोलत नसत. बाकीच्या झाडांना शिव्या घालत, लाड करत, पण त्या कोपऱ्यात गेले की गप्प. तिच्या प्रत्येक पानाचं टोक दोरीसारखं वळलेलं असतं आणि त्या टोकानं ती जे सापडेल ते धरते. माझा पदर तिनं किती वेळा धरला असेल त्याला हिशेब नाही. फुलं लाल-पिवळी, तोंड खाली आणि पाकळ्या वर उलटलेल्या. उन्हाळ्यात ती पूर्ण मरते, जमिनीवर काडीही उरत नाही, आणि पावसात आपल्या खड्ड्यातून पुन्हा वर येते. मला ती कधी आवडली नाही. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटे, आणि मॅट्रिक झालेल्या बाईला झाडाची भीती वाटते याचा रागही येई.

तिला नेण्याआधी नेवता द्यावा लागे, म्हणजे आमंत्रण. आदल्या दिवशी दिवे लागायच्या आधी हळदीचे तांदूळ घेऊन जायचं, बुंध्याशी ठेवायचे, अडलेल्या बाईचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "उद्या तुले न्याले येईन. आतलं बाहेर आन आन् आपल्या जागी वापस ये." दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की, आपली सावली झाडावर पडू न देता, तोंड पूर्वेला करून खणायचं. कंद नांगरासारखा, दोन हातांचा असतो. एक हात घ्यायचा, दुसरा मातीतच ठेवायचा. काम झालं की घेतलेला तुकडा दिवस बुडायच्या आत त्याच खड्ड्यात परत, आणि ठेवताना म्हणायचं, "आपल्या जागी आली तू." जे नेलं ते सगळं परत.

त्या चार वर्षांत मी तीन बायकांना कंद बांधला होता. तिन्ही सुखरूप सुटल्या. मला स्वतःला मात्र काही होत नव्हतं. आणीबाणी आली आणि गेली, नसबंदीचे कॅम्प लागले आणि उठले, आणि नर्सबाई दर खेपेला माझ्या दारावरून हसत पुढे जाई. एकदा दीड महिना वर गेला होता. मी उतावळी, लगेच सांगितलं. नवऱ्यानं तुमसरहून पेढे आणले, गल्लीभर वाटले, आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. नंतर विहिरीवर बायकांनी जी कीव केली तिच्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वेळी तीन महिने पुरे होईपर्यंत नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. आमच्याकडे तसंही तिसऱ्याच्या आत सांगत नाहीत, नजर लागते म्हणतात.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात मला अडीच महिने झाले होते. कुणाला ठाऊक नव्हतं. मी धानाच्या रोवणीला जात होते, चिखलात वाकत होते, आणि मनात रोज एक दिवस पुढे सरकवत होते. इतका आनंद मी आयुष्यात कधी एकटीनं धरून ठेवला नाही.

शेजारच्या घरची सून माझ्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. रोवणीत आम्ही नेहमी जोडीनं उभ्या राहायचो. तिचे दिवस भरले होते तरी ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या पुढे करत होती आणि माझी पंगत वाकडी म्हणून मला चिडवत होती. त्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या. घरी नेलं. संध्याकाळी कळा थांबल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. नाल्याला पूर होता, बैलगाडी पलीकडे जाणं शक्य नव्हतं, म्हणजे तुमसरचा दवाखाना असून नसल्यासारखा. सुईण आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात हळदीचे तांदूळ होते.

मामाजी वाडीच्या फाटकाशी गेले. मी मागे. फाटक उघडायच्या आधी ते थांबले आणि नेहमीप्रमाणे दोडक्याकडे तोंड करून म्हणाले, "घरात पोटुशी बाई असन त तिनं आत पाय ठेवू नये. आंगात दुसरा जीव असन त आताच मांगं सरकावं. झाडाले दोन जीव दिसले का त्याले फरक समजत नाई."

दर वेळी ते असंच म्हणत. तीन वेळा मी ते कान न देता ऐकलं होतं. या वेळी शब्दन् शब्द ऐकला. ते थोडे जास्तच थांबले असं मला वाटलं, की मीच तसं धरून चालले कुणास ठाऊक. मी मागे सरकले असते तर कळलं असतं. पण मग कंद कोण बांधणार होतं? सुईण कळलावीला हात लावत नसे, नेवता देणाऱ्या हातानंच बांधायचं आणि सोडायचं असा नेम. शेजारच्या घरून तिच्या सासूचं रडणं ऐकू येत होतं. मी मागे सरकले नाही. मामाजींनी दोरी सोडली.

बुंध्याशी बसून मी तांदूळ ठेवले, मैत्रिणीचं नाव घेतलं आणि ते शब्द म्हटले. 'आतलं बाहेर आन' म्हणताना माझा आवाज मला परका वाटला. दोन मिनिटंही झाली नसतील. उठायला गेले तर उजवा हात अडला. पानाचं एक टोक माझ्या बांगडीभोवती पूर्ण फिरून घट्ट बसलं होतं. पानाचं टोक काडीला धरायलाही दिवस घेतं, हे मी चार वर्षं बघत होते. मी ते सोडवलं नाही, तोडलं, आणि घाईनं बाहेर आले. मामाजींना काही बोलले नाही. बोलणार तरी कशी?

सकाळी ऊन आल्यावर मी खणायला बसले. रोवणीच्या चिखलानं माझी बोटं फाटलेली होती. हातांना आधी तेल चोळायचा नियम होता, घाईत तोही राहिला. कंद निघाला. दोन हात होतेच, आणि त्यांच्या मधोमध, करंगळीच्या पेराएवढा, पांढरा, तिसरा कोंब होता. असा मी कधी पाहिला नव्हता. एक हात तोडताना तो कोंब आपोआप निसटून माझ्या तळहातावर आला. त्याचं काय करायचं हे दोडक्याला कधी सांगितलं गेलं नव्हतं. शेजारून कुणीतरी हाक मारली, लवकर या. एका हातात कंद, दुसऱ्यात खुरपी. मी तो कोंब कमरेला लुगड्याच्या नेसूत खोचला, म्हटलं, येताना खड्ड्यात टाकू.

मैत्रीण निळी पडली होती. डोळे उघडे, पण कुणाला बघत नव्हती. मी कंद तिच्या कमरेला बांधला आणि गाठ हातात धरून बसले. अर्ध्या तासात तिला कळ आली, मग दुसरी, मग सांगायची सोय राहिली नाही. दुपार कलायच्या आत मुलगा झाला. तो रडला त्या क्षणी मी गाठ सोडली. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की आता माझ्या बाळंतपणात गाठ ती धरणार. मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं तिच्यासाठी.

कंद मी दिवस बुडायच्या आत खड्ड्यात ठेवला, माती लोटली, मामाजी कुंपणापलीकडून बघत होते. मग नहाणीत गेले, लुगडं सोडलं आणि तो कोंब खाली पडला.

सकाळपासून तो माझ्या कमरेला होता. ज्या जागी मी तिला बांधला त्याच जागी. तिचा मी मोजून सोडला आणि माझा दिवसभर राहिला. घाबरून मी तो पायानं नहाणीच्या मोरीतून बाहेर ढकलला, मागच्या भिंतीकडे. तो उचलून खड्ड्यात ठेवायला पाहिजे होता. पण मला त्याला हात लावायचा नव्हता.

चौथ्या दिवशी माझं सगळं गेलं. सुईण आली, तिनंच आवरलं आणि मागच्या भिंतीच्या बुडाशी, मोरीच्या जवळ, पुरलं. माणसांना सांगायची गरज नाही, ताप आला म्हणावं, असं तिनं सांगितलं. कोंबाचं मी तिलाही सांगितलं नाही. पुढे तुमसरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पहिल्या तीन महिन्यांत अशी पोटं पुष्कळ वेळा जातात, त्याला कारण लागत नाही. त्या चांगल्या होत्या. मी त्यांचं ऐकलं आणि माझा विश्वास बसला नाही.

पुढच्या पावसात वाडीतली कळलावी उगवली नाही. मामाजी आठ दिवस त्या खड्ड्याशी जाऊन काडीनं माती टोकरत होते. नवव्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालायला मागे गेले आणि भिंतीच्या बुडाशी ती दिसली. वीतभर आली होती. बरोबर त्याच जागी, आणि तिचं टोक भिंतीला सोडून मोरीच्या तोंडाकडे, घराच्या बाजूला वळलेलं.

मामाजी माझ्या मागून येऊन उभे राहिले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, ताज्या नसलेल्या पण अजून थोड्या खचलेल्या मातीकडे पाहिलं. त्यांना काय समजलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. मग ते वळले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सारी जिंदगी झाडाले सांगत आलो मी," ते म्हणाले. "तुले विचारा लागत होतं, माय. माही चुकी आहे."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मी पदर तोंडावर ओढला आणि गप्प राहिले. उगाच कशाला खोटं बोलू, मला हलकं वाटलं. दुसरं कुणीतरी ते उचलून घेत होतं आणि मी घेऊ दिलं.

त्या दिवसापासून ते दोडक्याशी बोलेनासे झाले. माझ्याशीही नाही. काही हवं असलं की नुसतं बोटानं दाखवत. कुणी अडलेल्या बाईसाठी तांदूळ घेऊन आलं तर परत पाठवत, आता आपल्याकडे कळलावी नाही म्हणत. तोवर सडकेवर पूल झाला होता, जीप जाऊ लागली होती, म्हणून कुणाचं अडलं नाही. भिंतीजवळच्या झाडाला मात्र त्यांनी हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. ते दर उन्हाळ्यात मरे आणि दर पावसात त्याच जागी येई. दोरीवरचे नवऱ्याचे सदरे, मामाजींची धोतरं ते सोडून देई आणि माझं लुगडं धरे. मी दोरी लांब बांधली, पुढच्या वर्षी ते तिथवर आलं. मला मुलगी झाली, तुमसरच्या दवाखान्यात, आणि ते नऊ महिने मी घराच्या मागे पाऊल टाकलं नाही. ती चार महिन्यांची असताना कुणीतरी तिचं झबलं मागे वाळत घातलं. संध्याकाळी ते दोरीवरून निघेना. दोन्ही बाह्यांना पानांची टोकं वेटोळून बसली होती. मी ते झबलं तिथंच सोडलं, वारा-पावसानं विरून जाईपर्यंत.

अशी सात वर्षं गेली. मामाजी थकले. शेवटच्या पावसाळ्यात त्यांची बाज आम्ही कुंपणाशी, दोडक्याच्या सावलीत टाकत असू. वाडीत तेव्हा गवताशिवाय काही उरलं नव्हतं, दोडका तेवढा दर वर्षी कोणीतरी लावे, म्हणजे मीच. भाद्रपदातली दुपार होती. मुलगी शाळेत गेलेली. मामाजी डोळे मिटून पडले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ते माझ्या न झालेल्या मुलाची माफी मागत होते.

माझ्यानं ते ऐकवेना. पण इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायची हिंमतही होईना. मी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला गेले, पदर घेतला आणि दोडक्याच्या वेलाकडे तोंड केलं.

"दोडक्या, तुह्या मालकाले सांग," मी म्हटलं. "कंदाचा एक कोंब माह्या कमरेले राहिला होता. दिवसभर. मी इसरली. मंग मोरीतून मीच ढकलला. त्यायची चुकी नाई. त्यायनं इचारलं असतं तरी मी खरं सांगतलं नसतं."

पलीकडे बाज करकरली. मी पानांतून पाहिलं, ते उठून बसायचा प्रयत्न करत होते.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. दोडक्याला नाही, मला. "झाड चालत नाई, माय. कोणी नेल्याबिगर ते भिंतीपाशी येत नाई. त्याच दिवशी समजलं होतं मले."

मला राग आला, इतका की माझा पदर खांद्यावर आला ते मला कळलं नाही. "मंग इतके साल आपल्या डोक्यावर काहून घेतलं?"

ते पुन्हा बाजेवर टेकले. "कोणाले तरी घ्या लागत होतं," ते म्हणाले. "तुह्यावर आधीच लय होतं."

मी कुंपण धरून रडले, मोठ्यानं, शेजारची ती मैत्रीण तिच्या दारात येऊन उभी राहीपर्यंत. मामाजींनी मला रडू दिलं. मग ते म्हणाले की दिवस अजून वर आहे, जा, तिला तिच्या जागी नेऊन ठेव.

लाल चिंधीची खुरपी गोठ्याच्या आढ्याला खोचलेली होती, चिंधीचा रंग उडाला होता. मी हातांना तेल चोळलं, तोंड पूर्वेला केलं. हळदीचे तांदूळ नव्हते, नेवता नव्हता, आणि ज्याच्यासाठी न्यायचं त्याला नावही नव्हतं. नुसतं खणलं. कंद मोठा झाला होता, दोन हातांचा, कोपरापर्यंत लांब, आणि मातीतून न मोडता पूर्ण निघाला. तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन मी वाडीत गेले. जुना खड्डा गवतात मला सापडला नसता, मामाजींनी बाजेवरून बोट दाखवलं. मी तो आत ठेवला, माती लोटली आणि आठ वर्षांपूर्वी जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हटलं, "आपल्या जागी आली तू."

मग राखेनं आणि चिंचेच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. मामाजींनी चहा मागितला, तोंडानं, आणि साखर थोडी जास्त घाल म्हणाले.